इतली घाई कसाले? रोमिओ-ज्युलिएटवरचं उत्तर लिहायची आमच्या क्लासची पद्धत

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की अमळनेरला माझ्याकडे बीए इंग्लिशची पोरं-पोरी यायला लागतात, कोणी पारोळ्याहून एसटीने, कोणी चोपड्याहून, कोणी धरणगावहून पॅसेंजरने, आणि शेक्सपियरच्या या नाटकावर सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर असतं, गाइडमधून जसंच्या तसं उतरवलेलं. दोन घराण्यांचं वैर, दोघांचं प्रेम, नशीब आडवं आलं, दोघं मेले, प्रेम अमर झालं, खेळ खलास. प्रश्न नशिबावर असो, वैरावर असो नाहीतर उतावळेपणावर असो, उत्तर तेच, फक्त पहिली ओळ बदलायची.

हसत नाहीये मी कोणाला, कारण मीही हेच केलंय. टी.वाय.ला असताना मला प्रश्न आला होता की या नाटकात घाईघाईने घेतलेल्या निर्णयांचा परिणाम काय होतो ते दाखवा, आणि मी प्रश्नातला 'परिणाम' शब्द बघितला अन् सुटले ना, पाच पानं गोष्ट लिहिली, तीही चुकीची, औषध बुधवारी रात्री घेतलं असं लिहून मोकळी. पेपर परत बघायला मिळाला तेव्हा मार्जिनमध्ये लाल पेनने एकच शब्द होता, 'कथाकथन'. पंधरापैकी पाच. घाईवरचं उत्तर घाईत लिहून वाया घालवलं म्हणून घरचे अजून चिडवतात.

तर ही पद्धत त्यानंतर हळूहळू जमत गेलेली. यात नोट्स कमी आणि काम जास्त आहे, पण दोन संध्याकाळी लागतात फक्त.

सामान काय लागतं तर भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक जुनं पान, मोठं, मागची बाजू कोरी असलेलं, एक निळा पेन, एक लाल पेन आणि नाटकाचं मूळ पुस्तक. सारांश नाही बरं का, मूळ. सोपी इंग्रजी बाजूला छापलेली आवृत्ती असली तरी चालेल, पण मूळ ओळी त्यात पाहिजेत, कारण घाई कुठे लपलीय हे सारांशात सापडतच नाही, ती बारक्या बारक्या वाक्यांत आहे.

कॅलेंडरच्या मागे उभे पाच रकाने पाडायचे, रविवार ते गुरुवार, आणि गुरुवारच्या पुढे एक बारीक पट्टी शुक्रवारच्या पहाटेची. पोरं पहिल्यांदा म्हणतात मॅडम एवढंच? हो एवढंच. अख्खं नाटक एवढ्यात बसतं. वार कसे कळतात तर तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट स्वतः विचारतो आज वार कोणता, आणि ज्युलिएटला मागणी घालणारा उमराव पॅरिस सांगतो सोमवार. तिथून मागे मोजायचं, पुढे मोजायचं. महिनाही सापडतो, ज्युलिएटची दाई पहिल्या अंकात बडबडते की पोरीचा वाढदिवस ३१ जुलैला, चौदा पूर्ण होतील, आणि आई सांगते पंधरा-सोळा दिवस राहिलेत. म्हणजे जुलैचा मध्य, आणि पोरगी अजून तेरा वर्षांची.

आता निळ्या पेनने काय झालं तेवढं लिहायचं, एका घटनेला एक ओळ. रविवार सकाळी भर चौकात नोकरांची मारामारी, राजा एस्कॅलसची ताकीद की परत झालं तर जीव जाईल. पॅरिस मागणी घालतो. रात्री मेजवानी, रोमिओ तोंडावर मुखवटा लावून आत, सकाळपर्यंत ज्या रोझलिनसाठी उसासे टाकत होता ती डोक्यातून साफ गायब. मग बागेतली भेट. (बाल्कनी हा शब्द नाटकात कुठेच नाही, खिडकी आहे, हे लिहिलंत तर तपासणारा जरा सावरून बसतो.) सोमवारी दुपारी लग्न, लग्नाला तास झाला नाही तर रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मेला, ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट मेला, रोमिओ हद्दपार. मंगळवारी पहाटे रोमिओ मँचुआला, म्हणजे दुसऱ्या गावाला, सकाळी ज्युलिएटवर पॅरिसशी लग्नाची सक्ती, रात्री मेल्यासारखं झोपवणारं औषध. बुधवारी 'मेलेली' सापडते. गुरुवारी रात्री थडगं. बस. पहिल्या नजरेपासून लग्नापर्यंत चोवीस तास पण होत नाहीत, आपल्याकडे तेवढ्यात पत्रिका छापून येत नाही.

इथपर्यंत सगळे करतात. खरं काम लाल पेनचं.

लाल पेनने काय करायचं तर 'थांबा'च्या जागा शोधायच्या. नुसतं पटकन काहीतरी झालं म्हणून लाल गोल करायचा नाही, तसं केलं तर अख्खं पान लाल होईल. गोल तिथेच करायचा जिथे थांबायला वाव होता, आणि त्याहून चांगलं म्हणजे जिथे कोणीतरी तोंडाने 'थांब' म्हटलंय आणि तरी कोणी थांबलं नाही. शेक्सपियरने अशा जागा मुद्दाम पेरून ठेवल्यात. आणि प्रत्येक गोलाजवळ नाव लिहायचं, घाई कोणाची. हे नाव लिहिणं विसरू नका, कारण माझं सगळं म्हणणं त्या नावांवरच उभं आहे, शेवटी नावं मोजली की पोरा-पोरीची कमी आणि मोठ्या माणसांची जास्त निघतात, आणि महागात पडलेली घाई तर जवळपास सगळी मोठ्यांची.

सुरुवात पोरांपासूनच करू, त्यांनाही सोडायचं नाही. बागेत ज्युलिएट स्वतः म्हणते की मला या आजच्या शब्द देण्याघेण्याचा आनंद नाही, फार उतावीळ झालं, फार अचानक, वीज चमकावी आणि 'चमकली' म्हणेपर्यंत विझावी तसं. शहाणी पोरगी. आणि मग त्याच प्रवेशात, आत जाऊन परत बाहेर येऊन, लग्न करायचं असेल तर उद्या निरोप दे म्हणून सांगते, किती वाजता माणूस पाठवू, नऊ वाजता. म्हणजे ब्रेक कुठे आहे हे तिला माहितीये, पाय मात्र अ‍ॅक्सिलरेटरवर. हा एक लाल गोल, नाव ज्युलिएट, पण शेजारी बारीक अक्षरात लिहा की तिला कळत होतं. रोमिओला मात्र एवढंही कळत नाही, तो पुजाऱ्याला म्हणतो चला लवकर, मला घाई आहे, अगदी याच अर्थाचं.

पुजारी म्हणजे फ्रायर लॉरेन्स, आणि इथे जरा रेंगाळा. सोमवारी पहाटे हा माणूस टोपली घेऊन झाडपाला गोळा करतोय आणि बोलतोय की एकाच फुलात विष पण असतं आणि औषध पण. रोमिओ येतो, लग्न लावून द्या म्हणतो. फ्रायर आधी झापतो, काल रोझलिन होती ना रे, तिच्यासाठी रडलेल्या आसवांचे डाग अजून गालावर आहेत. आणि शेवटी सांगतो की सबुरीने घे, जे पळतात ते अडखळतात. हे वाक्य बोलून त्याच दिवशी दुपारी लग्न लावून देतो! का तर याने दोन घराण्यांचं वैर मिटेल म्हणे. हेतू चांगला, पण आई-बापाला पत्ता नाही, एक दिवस विचार नाही.

आता मजा बघा. पुस्तकात हे पहाटेचं वाक्य अधोरेखित करून ठेवा आणि सरळ पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात जा. गुरुवारची रात्र, हाच फ्रायर कंदील आणि पहार घेऊन थडग्याकडे पळतोय आणि काय म्हणतो, आज रात्री माझे म्हातारे पाय थडग्यांना किती वेळा अडखळले. पळतात ते अडखळतात म्हणणारा स्वतः पळतोय आणि अडखळतोय, शब्दसुद्धा तोच. ही जोडी उत्तरात टाकली ना, एका पॅराग्राफमध्ये, तर गाइडवाल्या शंभर उत्तरांत तुमचं वेगळं दिसेल. गेल्या वर्षी एका पोरीला मी हे दाखवलं तर ती नुसती बघत राहिली, मग म्हणाली, हा मानूस चार दिवस आधी स्वताचंच ऐकता तर?

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश खान्देशातल्या माणसाला शिकवावाच लागत नाही. रोमिओचा नातेवाईक बेनव्होलिओ मर्क्युशिओला म्हणतो, चल घरी जाऊ, ऊन फार आहे, कॅप्युलेटची माणसं बाहेर फिरतायत, या उन्हात रक्त भडकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की बसस्टँडवर सीटवर रुमाल टाकण्यावरून कॉलर धरतात लोक, तसंच. हाही एक 'थांबा', चल घरी म्हटलंय ना. कोणी जात नाही. मग टिबल्ट येतो, रोमिओ लढायला नाही म्हणतो, कारण तासाभरापूर्वीच टिबल्ट त्याचा नातेवाईक झालाय पण ते बोलता येत नाही, मर्क्युशिओला वाटतं हा घाबरला, तो तलवार काढतो, रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबल्ट मर्क्युशिओला भोसकतो. हे लक्षात घ्या, रोमिओ या एका जागी थांबायचाच प्रयत्न करत होता. पण मित्र मेला कळल्यावर सबुरी गेली आणि टिबल्टला मारून टाकलं. नाटक इथपर्यंत गमतीजमतीचं आहे, इथून पुढे उतार.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, ज्युलिएटचा बाप. याच्यावर गाइडमध्ये दोन ओळी असतात, मी क्लासमध्ये एक अख्खी संध्याकाळ घालवते.

रविवारी पॅरिस मागणी घालतो तेव्हा हाच बाप म्हणतो पोरगी लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ दे. पॅरिस म्हणतो तिच्याहून लहान पोरी आया झाल्यात. बाप म्हणतो, लवकर झालेल्या लवकर खराब पण होतात. किती समजूतदार वाटतो ना. लाल पेन खाली ठेवा, हिरवा असेल तर हिरवा गोल करा.

सोमवारी रात्री उशिरा घरात भाच्याचं मरण झालेलं, पॅरिस निरोप घेऊन निघालेला, आणि हा त्याला मागे बोलावतो आणि पोरगी देऊन टाकतो. पोरगी वर खोलीत, तिला विचारलेलं नाही, म्हणतो माझं ऐकेल ती. मग वार विचारतो, सोमवार का, मग बुधवार जरा लवकर होईल, गुरुवारी करू. पॅरिसलाच विचारतो, ही घाई चालेल ना? पॅरिस म्हणतो उद्याच गुरुवार असता तर बरं. घरात सुतक म्हणून जास्त गाजावाजा नको, दोन-चार मित्र बोलवू. आपल्याकडे म्हणतात ना, साखरपुड्यातच लग्न उरकलं, खर्च वाचला, चांगलं स्थळ हातचं जायला नको, तेच हे, फक्त इथे पोरीला साखरपुडा आहे हे पण माहिती नाही. आणि दोन उन्हाळ्यांचे झाले तीन दिवस. दोन लाल गोल.

मंगळवारी ज्युलिएट नाही म्हणते तर बाप आकांडतांडव करतो, घराबाहेर काढीन म्हणतो. दाई, जिने निरोप पोचवले, लग्नाला हातभार लावला, तीच म्हणते पॅरिसशी करून टाक, तो जास्त चांगला आहे. एका सकाळीत बाजू बदलली. हिचं पण नाव लिहा.

मग ज्युलिएट फ्रायरकडून औषध घेऊन येते आणि ठरल्याप्रमाणे खोटं खोटं बापाच्या पाया पडते, चुकलं म्हणते. आता बघा, बाप खूश झाला, आणि खुशीत काय केलं, लग्न एक दिवस अलीकडे ओढलं. गुरुवार कशाला, उद्या सकाळीच. बायको म्हणते, अहो गुरुवारपर्यंत वेळ आहे की, तयारी कमी पडेल, आता रात्र व्हायला आली! घरात लग्न काढलेल्या कुठल्याही बाईचं हेच म्हणणं असतं, किराणा आला नाही अजून. म्हणजे इथेही एक स्पष्ट 'थांबा'. पण हा ऐकत नाही, म्हणतो तू पोरीकडे बघ, स्वयंपाकघर आज मी सांभाळतो, आणि रात्रभर जागतो. आणि 'दोन-चार मित्र' म्हणणाऱ्याने त्याआधी नोकराला सांगितलेलं असतं वीस चांगले आचारी घेऊन ये.

या एका दिवसाचा हिशोब कॅलेंडरवर करून दाखवते मी. फ्रायरने सांगितलं होतं उद्या रात्री, म्हणजे बुधवारी रात्री औषध घे, बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील. लग्न बुधवारवर आलं म्हणून तिला मंगळवारी रात्रीच घ्यावं लागलं. म्हणजे मँचुआला चिठ्ठी पोचायला जो एक पूर्ण दिवस होता तो बापाच्या खुशीत गेला. रागातली घाई सगळ्यांना दिसते हो, खुशीतली कोणी बघत नाही. (बेचाळीस तासांचं गणित तसं काटेकोर बसत नाही, मंगळवार मध्यरात्रीपासून मोजलं तर गुरुवारी संध्याकाळी सहाला जाग यायला पाहिजे आणि ती उठते रात्री कधीतरी. त्यावर परीक्षेत वाद घालू नका, नाटकाचं घड्याळ आहे, रेल्वेचं नाही.)

चिठ्ठीचं प्रकरण. सगळे लिहितात की चिठ्ठी पोचली नाही, नशीब. अर्धं बरोबर. फ्रायर जॉन चिठ्ठी घेऊन निघाला, सोबतीला दुसऱ्या एका साधूला घ्यायला गेला, तो साधू आजाऱ्यांना भेटत होता, गावच्या तपासनिसांना प्लेगचा संशय आला आणि त्यांनी दोघांना आत ठेवून दारं सीलबंद केली. कोरोनात आपल्या गल्लीला पत्रे ठोकले होते ना, तसं. हे नशीबच, यात कोणाची घाई नाही. आणि लंडनमध्ये हे नाटक लिहिलं गेलं त्याच्या जरा आधीच, १५९२ ते १५९४च्या काळात, प्लेगमुळे नाटकशाळा बंद होत्या, त्यामुळे समोर बसलेल्या प्रेक्षकाला सीलबंद दार समजावून सांगायला लागलं नसणार.

म्हणून कॅलेंडरच्या खाली एक आडवी पट्टी ठेवायची, 'अपघात'. ज्यात कोणाची निवड नाही ते तिथे. पोरांना हा फरक पटकन कळत नाही तेव्हा मी लीलावतीची आख्यायिका सांगते, चाळीसगावजवळची पाटणादेवी आणि भास्कराचार्य सगळ्यांना माहिती असतात. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून घटिकापात्र लावलेलं, पोरगी वाकून बघते, अंगावरच्या दागिन्यातला मोती पात्रात पडतो, भोक बुजतं, पात्र बुडत नाही आणि मुहूर्त टळून जातो. कोणाची घाई? कोणाचीच नाही. मोती हा अपघात. प्लेगचं दार हा अपघात. मेजवानीच्या यादीतली नावं वाचता न येणारा नोकर नेमका रोमिओलाच विचारतो वाचून दे, हाही अपघात. पण लग्न बुधवारी ओढणं हा अपघात नाही.

आणि चिठ्ठीतही अर्धी चूक फ्रायरची आहे, हे कोणी लिहीत नाही. तिसऱ्या अंकात तो रोमिओला सांगतो की तुझ्या माणसाला गाठून त्याच्याकरवी तुला बातम्या कळवत राहीन. तो माणूस म्हणजे बाल्थझार. आणि ऐनवेळी चिठ्ठी दिली दुसऱ्याच्या हातात, बाल्थझारला पत्ताच नाही. मग बाल्थझारने काय केलं, ज्युलिएटला थडग्यात ठेवलेलं डोळ्यांनी बघितलं आणि तडक घोडा पकडला. इमानदार नोकर, चांगल्या मनाने पळाला, फ्रायरला न विचारता. खरी बातमी दारात अडकली आणि खोटी घोड्यावर बसून पोचली. व्हॉट्सअ‍ॅपचा अनुभव असलेल्या माणसाला जास्त सांगायला नको.

आता मँचुआतला तो प्रवेश अगदी डोळ्याजवळ धरून वाचा, पाचव्या अंकाचा पहिला. बातमी ऐकल्यावर रोमिओ शाई-कागद आण, घोडे भाड्याने घे, आज रात्रीच निघतो म्हणतो. बाल्थझार म्हणतो मालक धीर धरा, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. आणि मग रोमिओ विचारतो, फ्रायरकडून चिठ्ठी नाही का आली? बाल्थझार म्हणतो नाही. रोमिओ म्हणतो, असू दे. हे 'असू दे' लाल पेनने दोनदा गिरवा. म्हणजे त्याला आठवलं होतं की चिठ्ठी यायला हवी. आली नाही तर का आली नाही, एवढा एकच प्रश्न बाकी होता. तो न विचारता सणाच्या सुट्टीमुळे बंद असलेलं दुकान उघडायला लावून, उपाशी औषधवाल्याला चाळीस डुकॅट (त्या काळची नाणी) देऊन, विष घेऊन निघाला.

थडग्यात तर अजून. पॅरिस अडवतो, रोमिओ त्याला मारतो आणि मग उजेडात चेहरा बघतो, अरे हा तर पॅरिस, वाटेत बाल्थझार याच्याबद्दल काहीतरी सांगत होता, माझं लक्ष नव्हतं. आधी मारलं, मग ओळखलं. आणि ज्युलिएटकडे बघून स्वतः म्हणतो, ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मरणाने अजून हिचा ताबा घेतला नाही. अरे मग! क्लासमध्ये इथे नेहमी कोणीतरी मागच्या बाकावरून ओरडतं, थांब ना भो. प्रेक्षकाला माहितीये ती जिवंत आहे, त्याच्या डोळ्यांसमोर पुरावा आहे, तो पुरावा तोंडाने वाचतोय आणि तरी पितो. फ्रायर पोचतो तेव्हा उशीर झालेला, ज्युलिएट जागी होते, बाहेर आवाज येतो आणि हा मोठा माणूस, ज्याने हे सगळं उभं केलं, तिला एकटी टाकून पळतो. अजून एक लाल गोल.

मोजा आता नावं. बाप तीन-चार वेळा, फ्रायर तेवढाच, दाई, बाल्थझार, टिबल्ट, मर्क्युशिओ, मग रोमिओ बराच, ज्युलिएट एक-दोनदा. मेले किती, सहा, रोमिओची आई पण धरा, ती मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याच रात्री गेली, आणि नव्वद टक्के पोरं तिला विसरतात.

लिहायला बसताना एक गोष्ट वर ठेवा, ती पहिल्या पॅराग्राफला कामाला येते. शेक्सपियरने ही गोष्ट आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या लांबलचक कवितेवरून घेतली. ब्रूककडे हे सगळं कित्येक महिने चालतं आणि ज्युलिएट सोळाची आहे. शेक्सपियरने महिन्यांचे पाच दिवस केले आणि वय तेरावर आणलं. म्हणजे घाई त्याला तयार मिळालेली नाही, त्याने ती हाताने भरलीय. एवढं लिहिलं की बाकीचं उत्तर आपोआप रुळावर येतं, कारण मग तुम्हाला फक्त दाखवायचंय की भरली कुठे कुठे.

पुढे तीन जागा निवडा, पाच नको. पंधरा मार्काला तीन पुरतात. माझं मत विचाराल तर अडखळणारा फ्रायर, बुधवारवर ओढलेलं लग्न आणि 'असू दे'. प्रत्येक जागेला आधी कोणी थांब म्हटलं, मग काय केलं, मग त्याने पुढचं काय बिघडलं, या क्रमाने लिहा आणि 'त्यामुळे' हा शब्द वापरताना दर वेळी कॅलेंडरकडे बघा की खरंच त्यामुळे झालं का. नशिबाचा मुद्दा टाळू नका, सुरुवातीच्या चौदा ओळींच्या निवेदनातच शेवट सांगून टाकलाय, ग्रहांचा उल्लेख आहे, ते मान्य करून अपघाताची पट्टी एका पॅराग्राफमध्ये उरका. मूळ ओळी दोन-तीनच द्या, पण पाठ असलेल्या, अर्धवट आठवलेली ओळ अवतरणचिन्हात टाकू नका. आणि गोष्ट सांगू नका हो, तपासणाऱ्याला गोष्ट माहितीये.

'प्रेम अमर झालं' हे तर लिहूच नका. एक तर ते नाटकात नाही, आणि दुसरं म्हणजे मी वर्गात समोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बघते, त्यातल्या एखाद्याचं घरी काय चाललंय मला माहिती नसतं. तेरा वर्षांची पोरगी मदत मागत चार मोठ्या माणसांकडे गेली आणि चौघांनी हात सोडला, असं शिकवते मी. आणि ज्याला कोणाशी बोलावंसं वाटेल त्याच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, एवढं सांगून पुढे जाते, भाषण देत नाही.

शेवटचा पॅराग्राफ कुठे संपवायचा यावरून पोरं अडतात. पुतळ्यांवर संपवा. पहाट झालीये, थडग्यात मुडदे तसेच पडलेत, राजा म्हणतो काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा, पण आधी यावर अजून बोलू. आणि त्याआधीच दोन्ही बाप हातात हात देऊन मोकळे, मॉन्टेग्यू म्हणतो मी तुझ्या पोरीचा सोन्याचा पुतळा उभारतो, कॅप्युलेट लगेच म्हणतो त्याच्या शेजारी रोमिओचा पण तसाच भारी. यंदा हे वाचून झालं तेव्हा लाइट गेलेली, सगळे मोबाइलच्या उजेडात बसलेले, आणि पारोळ्याकडचा एक पोरगा, जो वर्षभर तोंड उघडत नाही, कॅलेंडरवर शुक्रवारच्या पट्टीत लाल गोल करत म्हणाला, "मॅडम, चौकशी आजून बाकी शे, आन् पुतळानी ऑर्डर दी बी टाकी."